चौपाटीचा पाळणा आणि काळी-पिवळी पद्मिनी

जुन्या दिवसांविषयी बोलताना घरातील वडीलधारी माणसे दोन वाक्ये हमखास उच्चारतात. पहिले, "तेव्हाची मजा आता राहिली नाही." दुसरे, "तेव्हाच्या वस्तू कशा मजबूत होत्या!" ही वाक्ये आपण इतक्या वेळा ऐकलेली असतात की ती खरी की खोटी, असा प्रश्नच आपल्याला पडत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र तो पडला पाहिजे. वडीलधाऱ्यांना खोडून काढण्यासाठी नव्हे. त्यांच्या आठवणीत मोजून सिद्ध होईल असे किती आहे आणि मनाने घातलेली साखर किती आहे, हे समजून घेण्यासाठी.

त्यासाठी आपण एकच उदाहरण घेऊ. मुंबईची गिरगाव चौपाटी, तेथील करमणूक आणि तिच्यासमोरून धावणारी काळी-पिवळी फियाट टॅक्सी, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी.

समुद्रकाठची मौज

आपल्या परभणी जिल्ह्यातील पोखर्णी घ्या. नृसिंहाच्या मंदिरामुळे गाव सर्वदूर ठाऊक आहे, गावाला रेल्वे स्थानक आहे, पण समुद्र म्हणाल तर रेल्वेमार्गाने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत परभणीहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग मीटरमापी होता. मुंबईला जायचे तर मनमाडला उतरून, सामानसुमान डोक्यावर घेऊन, मोठ्या गाडीत बसावे लागे. त्यामुळे मराठवाड्यातील मुलामुलींना समुद्र पहिल्यांदा दिसे तो बहुधा शाळेच्या सहलीत, आणि तो दिसे गिरगाव चौपाटीवर.

त्या सहलीचा क्रमही बहुतेक ठरलेला असे. मलबार हिलवर १९५० च्या दशकात झालेली कमला नेहरू बाग आणि तिच्यातील 'म्हातारीचा बूट'. १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय. मग चौपाटीची वाळू, भेळ, घोडागाडी आणि पाळणा. समोर सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा, धनुष्यासारखा वळलेला मरीन ड्राइव्ह. समुद्र हटवून १९१५ ते १९४० या काळात तयार केलेल्या जमिनीवर तो उभा आहे. रात्री त्यावरील दिव्यांची ओळ उंचावरून हारासारखी दिसते, म्हणून त्याला 'राणीचा रत्नहार' असे नाव पडले. त्यालगतच्या गोलाकार कोपऱ्यांच्या इमारती इतक्या वैशिष्ट्यपूर्ण आहेत की २०१८ साली युनेस्कोने मुंबईतील अशा इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

इमारती उभ्या आहेत. परंतु त्यांच्यासमोरून जाणारी वाहने बदलली. घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्यांवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घातली. डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली, आणि पुढच्याच महिन्यात, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षे भरली. हिशोब इतका सरळ होता, तरी अनेकांना हुरहूर लागली.

आता एकेक गोष्ट तपासू.

माणसांनी फिरवायचा पाळणा

मुंबईच्या चौपाट्यांवर आणि गावोगावच्या जत्रांत विजेच्या मोटरीशिवाय चालणारे पाळणे असत. काही ठिकाणी अजूनही आहेत. मोठ्या चाकाला पाळणे टांगलेले आणि ते फिरवायला दोन-तीन धट्टीकट्टी माणसे. आठ-दहा मुलांचे ओझे ही दोन-तीन माणसे कशी फिरवत असतील? त्यांच्या अंगात विलक्षण शक्ती असे, असे उत्तर आजोबा देतील. खरे उत्तर अधिक मौजेचे आहे.

विहिरीवरच्या रहाटाला दोन पोहरे बांधले तर काय होते, ते आठवा. एक पोहरा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. खाली जाणाऱ्या पोहऱ्याचे वजन वर येणाऱ्याला मदत करते आणि ओढणाऱ्याला केवळ पाण्याचा भार आणि घर्षण यांच्याशी झुंजावे लागते. पाळण्याचेही तसेच. एक मूल वर जात असते तेव्हा समोरच्या पाळण्यातील मूल खाली येत असते. दोघांची वजने सारखी असतील तर एकाला उचलण्यास लागणारी ऊर्जा दुसऱ्याच्या उतरण्यातून मिळते. म्हणून पाळणेवाला मुलांना ओळीने बसवत नाही. एकाला येथे बसवले की चाक अर्धे फिरवून दुसऱ्याला बरोबर समोर बसवतो. जाड मुलासमोर जाड मूल आणि लहानग्यासमोर लहानगे! गुरुत्वमध्य आसाजवळ राहावा म्हणून तो हे करतो. 'गुरुत्वमध्य' हा शब्द त्याने कधी ऐकला नसेल, पण नियम त्याच्या हातात बसलेला असतो.

तरीही चाक गतिमान करायला आणि घर्षणावर मात करायला काही ऊर्जा लागतेच. ती मिळवण्याची युक्ती पाहा. एक माणूस आऱ्यांवर पाय देत माकडाच्या चपळाईने वर चढतो, वरच्या कडेला लोंबकळतो आणि चाकाबरोबर खाली येतो. समजा त्याचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे आणि तो ३ मीटर चढला. त्याच्या शरीरात साठलेली स्थितिज ऊर्जा ६० × ९.८ × ३, म्हणजे सुमारे १७६० ज्यूल झाली. खाली येताना तो ही सारी ऊर्जा चाकाला देतो. चढताना स्नायूंनी केलेले काम उतरताना गुरुत्वाकर्षणाच्या मार्फत चाकात शिरते. तो माणूसच त्या यंत्राचे इंजिन असतो.

आणि पाळण्यात बसल्यावर पोटात गोळा का येतो? समजा चाकाची त्रिज्या ३ मीटर आहे आणि एका फेरीला ६ सेकंद लागतात. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे त्वरण असते. ते काढण्यासाठी पायच्या वर्गाची चौपट, म्हणजे सुमारे ३९.५, हिला त्रिज्येने गुणायचे आणि एका फेरीच्या काळाच्या वर्गाने भागायचे. ३९.५ × ३ ÷ ३६ म्हणजे सुमारे ३.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या एक तृतीयांश आहे. त्यामुळे अगदी वर असताना आसन तुम्हाला नेहमीच्या दोन तृतीयांश बलानेच वर रेटते, तर अगदी खाली असताना एक पूर्णांक एक तृतीयांश पट बलाने. ४० किलोच्या मुलाला वर आपण २७ किलोचे झालो असे वाटते आणि तीनच सेकंदांनी खाली ५३ किलोचे! पोटातील अवयवांनाही हाच फरक जाणवतो. तोच तो गोळा.

हीच फेरी साडेतीन सेकंदांत पूर्ण झाली तर वरच्या टोकाला आसनाचा रेटा जवळजवळ शून्य होईल आणि मूल आसनावर टेकणारच नाही. त्याहून जलद फिरवले तर ते आसनावरून उचलले जाईल. म्हणून पाळणा जोरात फिरवण्याचा आग्रह पाळणेवाल्याला कधीही करू नये.

तेव्हा पहिल्या वाक्याचा निकाल असा. पाळण्यातील मजा खरी होती, आणि ती आजही तितकीच आहे. त्रिज्या आणि फेरीचा काळ तेच असतील तर १९६० चा गोळा आणि आजचा गोळा यांत भौतिकशास्त्राला काही फरक दिसत नाही. फरक असलाच तर तो बसणाऱ्याच्या वयाचा आहे.

पद्मिनीची कुळकथा

आता मोटारीकडे वळू. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. १९५० च्या दशकात तेथे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. एकच आराखडा, किरकोळ फेरफार सोडले तर, तीन दशकांहून अधिक काळ चालला. त्या काळी देशात मोटारींचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि गाडी नोंदवल्यावर ती हाती येण्यास वर्षे लागत.

गाडीचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. इंजिन पुढे, पण गाडीला ढकलणारी चाके मागची. गिअरचा दांडा जमिनीत नसून स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला. त्यामुळे पुढची जागा मोकळी राही आणि बाकासारख्या सलग आसनावर चालकाशेजारी दोघे बसू शकत. टपावर सामानासाठी कॅरिअर.

टॅक्सीच्या बाहेर डाव्या बाजूला भाड्याचा यांत्रिक मीटर असे. 'मीटर टाकला' हा शब्दप्रयोग त्याचा झेंडा खरोखरच खाली पाडण्यावरून आला. गाडीच्या फिरण्याबरोबर एक तार मीटरच्या आत फिरे, ती दातेरी चाकांची माळ फिरवी आणि चाकांवर रंगवलेले आकडे पुढे सरकत. भाडे वाढले की प्रत्येक मीटर उघडून दुरुस्त करणे जिकिरीचे. म्हणून चालकाकडे एक तक्ता असे: मीटरवर अमुक आकडा दिसला तर द्यायचे भाडे तमुक. उतारू हिशोब करीत बसे. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरने हा हिशोब वाचवला, परंतु दातेरी चाकांची ती चालती-बोलती गणकयंत्रेही गेली.

हवा, पेट्रोल आणि अरुंद गळा

पद्मिनीचे बॉनेट उघडले की मध्यभागी एक लहानसा, हातात मावेल असा भाग दिसे. त्याचे नाव कार्बुरेटर. जुन्या गाडीच्या गुणांचे आणि दोषांचे मूळ याच भागात आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

पेट्रोल नुसते जळत नाही. त्याला हवेतील ऑक्सिजन लागतो. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान पाऊण किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे त्याला जवळपास ११ किलोग्रॅम हवा हवी, आणि एवढ्या हवेचे आकारमान होते सुमारे ९००० लिटर. एका लिटरच्या बाटलीतील पेट्रोल जाळायला एक लहानशी खोली भरेल इतकी हवा! हे मिश्रण योग्य प्रमाणात करून देणे हे कार्बुरेटरचे काम.

त्यासाठी मोटर नाही, पंखा नाही, वीज नाही. आहे तो फक्त एक अरुंद गळा. इंजिन हवा ओढून घेते. रुंद नळीतून आलेली हवा अरुंद गळ्यात शिरली की तिचा वेग वाढतो, कारण तितकीच हवा कमी जागेतून तितक्याच वेळात जायची असते. ओढा अरुंद जागी जोराने वाहतो, तसेच हे. आणि प्रवाहाचा वेग जेथे वाढतो तेथे त्याचा दाब कमी होतो. हा नियम डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात मांडला. गळ्यात दाब कमी झाला की शेजारच्या लहान टाकीतील पेट्रोल, बाहेरच्या हवेच्या दाबाने ढकलले जाऊन, बारीक भोकातून वर येते आणि फवाऱ्यासारखे हवेत मिसळते.

युक्ती सुरेख आहे. परंतु तिला एक मर्यादा आहे. हवा कधी थंड असते, कधी गरम. गाडी कधी चढ चढते, कधी सिग्नलला उभी असते. भोक मात्र तेच. त्यामुळे १४.७ हे प्रमाण कार्बुरेटरला नेमके साधता येत नाही. थंडीच्या सकाळी चालक 'चोक' ओढून हवा कमी करी, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण वाढे आणि गाडी सुरू होई. पेट्रोल जास्त झाले की ते अर्धवट जळते आणि धुरातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि न जळलेले पेट्रोल बाहेर पडते. जुन्या गाडीजवळ येणारा तो 'ओळखीचा' वास याच न जळलेल्या पेट्रोलचा!

आजच्या गाडीत धुराच्या नळीत एक संवेदक बसवलेला असतो. तो धुरात ऑक्सिजन किती उरला हे सतत मोजतो, आणि त्यावरून एक लहान संगणक पेट्रोलचा फवारा कमी-जास्त करतो. उरलेसुरले विषारी वायू प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंच्या साहाय्याने निरुपद्रवी वायूंत बदलले जातात. जो निर्णय एक भोक कायमचा घेऊन बसले होते, तो आता सेकंदात अनेक वेळा नव्याने घेतला जातो.

मजबूत म्हणजे काय?

आता दुसरे वाक्य. "त्या गाडीचा पत्रा बघ! कुठे धडकली तरी पोचा येत नसे. आताच्या गाड्या कागदाच्या." हे निरीक्षण बरेचसे खरे आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष घातक आहे.

समजा एक गाडी ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, या वेगाने भिंतीवर आदळली. आतला माणूस सीटबेल्टने आसनाशी बांधलेला आहे. गाडी थांबताना पुढचा भाग जितका चेपतो, साधारण तितक्या अंतरात माणूसही थांबतो. थांबण्याचे त्वरण काढायचे तर वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागायचे. पत्रा इतका कठीण आहे की गाडी फक्त १० सेंटिमीटर चेपली, असे धरू. वेगाचा वर्ग १२३, अंतराची दुप्पट ०.२ मीटर, त्वरण आले सुमारे ६१५ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ ६३ पट. आता गाडी ६० सेंटिमीटर चेपली असे धरा. त्वरण येते सुमारे १०३, म्हणजे साडेदहा पट. ५० किलोच्या व्यक्तीवर पहिल्या गाडीत ३०,००० न्यूटनांहून अधिक बल पडेल, दुसऱ्या गाडीत ५,००० न्यूटनांच्या आसपास.

पहिल्या गाडीला पोचा आला नाही, पण माणूस वाचणे कठीण. दुसरी गाडी भंगारात गेली, पण माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ. न चेपणारी गाडी आपला सारा धक्का आतल्या माणसाच्या हवाली करते. म्हणून गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपणारा आणि मधली बसण्याची जागा तेवढी कणखर, अशी रचना करण्याची कल्पना बेला बॅरेनी या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या आरंभी मांडली आणि १९५९ साली मर्सिडीझ कंपनीने ती गाडीत उतरवली. पद्मिनीच्या आराखड्यात हा विचार उतरलेला नव्हता. त्यातच सलग बाकावर सीटबेल्ट न लावता तिघे बसलेले. पूर्वीचे लोक निष्काळजी होते असे नव्हे. हे गणित अजून गाड्यांत आणि सवयींत उतरले नव्हते.

क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता ना? तेच हे गणित. हात मागे न घेणाऱ्याचे हात 'मजबूत' आहेत, असे कोणी म्हणत नाही.

धुरातले शिसे

एक गोष्ट तर आठवणीत येतच नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नव्हती. १९२० च्या दशकापासून जगभर पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळत असत. त्यामुळे पेट्रोल सिलिंडरमध्ये अवेळी पेट घेत नसे आणि इंजिनाचा ठोका थांबे. फायदा मोठा होता. पण ते शिसे जळून नाहीसे होत नव्हते. बारीक कणांच्या रूपाने ते धुरातून बाहेर पडे, रस्त्याच्या धुळीत साठे आणि श्वासातून, हातातोंडातून शरीरात जाई. शिशाचा सर्वांत वाईट परिणाम होतो तो लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथेही २०२१ साली ते बंद झाले. चौपाटीवरील संध्याकाळची हवा आजोबांना ताजी आठवते. समुद्रावरून येणारा वारा ताजा होताच. परंतु समोरच्या रस्त्यावरील धुरात काय होते, हे त्यांच्या नाकाला कळणे शक्य नव्हते. प्रयोगशाळेच्या मोजमापाची गरज नेमकी येथे पडते.

मग आठवण गोड का लागते?

येथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, की म्हणजे आजोबांची आठवण खोटीच. तसे नाही. आठवण खोटे बोलत नाही. ती निवड करते.

गतकाळाच्या ओढीला एकेकाळी चक्क रोग समजत. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तिला 'नॉस्टॅल्जिया' असे नाव दिले. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ते घडवले होते. घरापासून दूर गेलेली माणसे झुरतात, खात नाहीत, आजारी पडतात, असे त्याने नोंदवले. आपल्याकडे सासरी गेलेल्या मुलीला लागणारी माहेरची ओढ ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. आज तिला कोणी रोग म्हणत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या ओढीविषयी काही गोष्टी शोधल्या आहेत. पहिली अशी, की चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातील प्रसंग आठवायला सांगितले तर साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त आठवतात. त्या वयात पुष्कळ गोष्टी पहिल्यांदा घडतात: पहिला समुद्र, पहिला पाळणा, पहिली टॅक्सी. दुसरी गोष्ट, दुःखद प्रसंगांची बोच सुखद प्रसंगांच्या आनंदापेक्षा लवकर बोथट होते. मनमाडच्या फलाटावरचे जागरण विसरले जाते आणि भेळेची चव उरते. तिसरी गोष्ट फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केली. आठवण म्हणजे कपाटातून काढलेले छायाचित्र नव्हे. प्रत्येक वेळी मन ती नव्याने रचते आणि रचताना तिला आपल्या समजुतीप्रमाणे आकार देते.

वासाचाही यात वाटा आहे. समुद्राचा तो विशिष्ट वास बऱ्याच अंशी समुद्रातील सूक्ष्म जीवांमुळे तयार होणाऱ्या डायमिथिल सल्फाइड या वायूचा असतो. मेंदूत वासाची जाणीव होण्याची जागा भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी अगदी जवळून जोडलेली आहे. म्हणून एखादा वास आला की चाळीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ क्षणात उभी राहते.

शेवटची गोष्ट मनाची नसून वस्तूंची आहे. जुने वाडे पाहून आपण म्हणतो, "काय ते बांधकाम!" पण जे कच्चे होते ते वाडे केव्हाच पडले, उरले ते पक्केच. गाड्यांचेही तसेच. हजारो पद्मिनी भंगारात गेल्या. आज एखाद्या प्रदर्शनात चकचकीत पद्मिनी दिसते ती कोणीतरी जिवापाड जपलेली असते. काळाच्या चाळणीतून उरलेल्या मोजक्या दाण्यांवरून सगळ्या पोत्याची प्रत ठरवणे योग्य नाही.

खरोखर काय हरवले?

सुरक्षा वाढली, धूर कमी झाला, शिसे गेले. मग हरवले असे काहीच नाही काय? आहे, आणि ते मोलाचे आहे.

पद्मिनी हे उघडे यंत्र होते. बॉनेट वर केले की कोणता भाग काय करतो हे डोळ्यांनी दिसे. पेट्रोल येत नाही? कार्बुरेटरचा जेट काढून फुंकर मारा. ठिणगी पडत नाही? प्लग काढून काजळी पुसा. गॅरेजमधला दहा-बारा वर्षांचा पोरगा पाने देता देता पाहून पाहून शिके आणि पंचविशीत मिस्त्री होई. लहान वयात त्याची शाळा सुटे ही वाईट गोष्ट होती, तिचे गोडवे कोणी गाऊ नयेत. पण यंत्र त्याला आपले पोट उघडून दाखवत होते, हेही तितकेच खरे. पाळण्याचेही तसेच: शक्ती कोठून येते हे सर्वांना दिसत होते, कारण ती आऱ्यांवरून चढत होती.

आजची यंत्रे अधिक चांगली आहेत, पण ती बंद डब्यात बसली आहेत. दोष कोणता हे पडद्यावर आकड्यात उमटते आणि आपण डबाच बदलतो. यात कोणाचा कट नाही. नेमकेपणासाठी मोजावी लागलेली ती किंमत आहे. परंतु ही किंमत मुलांच्या कुतूहलातून वसूल होत असेल, तर शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी सावध झाले पाहिजे. यंत्र जर स्वतःहून उघडत नसेल, तर ते उघडून पाहण्याची सवय शाळेने लावली पाहिजे. तालुक्याच्या गावात कोणत्याही गॅरेजच्या कोपऱ्यात जुना कार्बुरेटर पडलेला असतो. तो मागून आणा. प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवा. अरुंद गळा कोठे, भोक कोठे, चोकची झडप कोठे, हे बोट ठेवून दाखवता आले तर बर्नुलीचा नियम पाठ करावा लागणार नाही.

करून पाहा

१. पेल्यात पाणी घेऊन त्यात एक नळी उभी धरा; तिचे वरचे टोक पाण्याच्या किंचितच वर असावे. दुसऱ्या नळीने त्या टोकावरून आडवी, जोराची फुंकर मारा. पाणी नळीतून वर चढून तुषार उडतात. दाब कमी झाला की द्रव कसा वर ओढला जातो, हे यात दिसते.

२. गावच्या जत्रेत पाळणा आला की दूर उभे राहून दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा आणि दहाने भागा. पाळणा थांबलेला असताना पाळणेवाल्याला विचारून त्रिज्या दोरीने मोजा. वर आणि खाली तुमचे वजन किती भासेल, ते काढा. मग बसून पाहा आणि पोटाची साक्ष घ्या.

३. घरातील किंवा शेजारच्या वयस्क व्यक्तीला त्यांच्या पहिल्या सहलीविषयी किंवा पहिल्या मोटारीविषयी विचारा. जे सांगतील ते जसेच्या तसे वहीत लिहा. त्यापुढे दोन रकाने आखा: 'मोजून तपासता येईल' आणि 'मोजता येणार नाही'. गाडीचे मायलेज, तिकिटाचे दर, प्रवासाचे तास पहिल्या रकान्यात जातील. समुद्र प्रथम पाहिल्यावर काय वाटले, ते दुसऱ्या रकान्यात जाईल.

पहिल्या रकान्यातील गोष्टी जरूर तपासा आणि चुकीच्या असतील तर नम्रपणे तसे सांगा. दुसऱ्या रकान्यातील गोष्टींना हात लावू नका. त्याही खऱ्याच आहेत, आणि त्या सांगणारी माणसे आपल्यासोबत आहेत तोपर्यंतच लिहून घेता येतील.